दूध संकलन प्रोग्राम: जुन्या फाइली, नवे क्लास (प्रकल्प नोंदी, जून २०२५)

२ जून, सोमवार

संकलन केंद्राचा जुना जावा प्रोग्राम माझ्याकडे आला. एप्रिल २०१४ पासून चालू आहे. दर पाळीला एक फाइल होते, सकाळची एक आणि संध्याकाळची एक, म्हणजे वर्षाला ७३०. डेटाबेस नाही. त्या पाळीच्या सगळ्या दूधनोंदींची यादी जावाच्या सीरियलायझेशनने (मेमरीतली नोंद बाइटांत लिहिण्याच्या सोयीने) थेट फाइलीत उतरवलेली आहे. लिहिणाऱ्याला त्या वेळी ते सोपं पडलं असणार: लिहायला एका ओळीत राइटऑब्जेक्ट, वाचायला एका ओळीत रीडऑब्जेक्ट, काम झालं.

काम असं आहे. केंद्रावर नवं दूध तपासणी यंत्र येतंय, ते जोडायचं. त्याआधी क्लास, म्हणजे नोंदींचे साचे, जरा नीट लावायचे. आत्ताची रचना:

केंद्रनोंद हा सगळ्यांत वरचा क्लास. त्यात केंद्राचा क्रमांक. हा सीरियलायझेबल नाही, म्हणजे फाइलीत उतरत नाही.
त्याच्यापासून दूधनोंद: सभासद क्रमांक, तारीख, पाळी. इथून सीरियलायझेबल सुरू.
त्याच्यापासून गायनोंद आणि म्हैसनोंद. लिटर, फॅट, डिग्री (लॅक्टोमीटरचा आकडा), दर ही चारही फील्ड, म्हणजे नोंदीतले रकाने, दोन्हींत वेगवेगळी, जशीच्या तशी दोनदा लिहिलेली.

दूधनोंद आणि गायनोंद यांना सीरियलव्हर्जनयूआयडी (क्लासच्या आवृत्तीचा ओळख क्रमांक, पुढे नुसतं यूआयडी) दिलेला आहे, म्हैसनोंदला नाही. हे आज फक्त टिपून ठेवलं.

५ जून, गुरुवार

नवं यंत्र डिग्री स्वतः देतं, गाय असो वा म्हैस. म्हणून डिग्री हे फील्ड दोन्ही सबक्लासमधून (गायनोंद, म्हैसनोंद) काढून त्यांच्या पॅरेंटमध्ये, म्हणजे दूधनोंदमध्ये नेलं. एडिटरमध्ये दोन मिनिटांचं काम. चाचण्या हिरव्या.

मग जुनी फाइल उघडली तर म्हशीच्या नोंदीवर इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन, म्हणजे क्लास जुळत नाही म्हणून वाचणं अडलं. संदेशात दोन आकडे होते: स्ट्रीममधल्या (फाइलीतून येणाऱ्या बाइटांतल्या) क्लासचा यूआयडी अमुक, इथल्या क्लासचा तमुक, जुळत नाहीत. कारण सरळ आहे. यूआयडी आपण दिला नाही तर जावा तो स्वतः काढतं. क्लासचं नाव, त्याचे इंटरफेस, फील्ड, कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट उभं करणारं कोड), मेथड (क्लासची कामं) या सगळ्यांवर एसएचए-१ हे ठसा काढणारं गणित चालवून त्यातून ६४ बिटांचा आकडा. फील्ड काढलं की आकडा बदलला. आणि दूधनोंदला यूआयडी आहे म्हणून तो म्हैसनोंदला मिळत नाही; तो वारशाने उतरतच नाही, प्रत्येक क्लासने आपापला द्यायचा असतो.

संदेशातला जुना आकडा उचलून म्हैसनोंदमध्ये लिहिला. फाइल उघडली. गायीच्या नोंदी तर पहिल्यापासूनच विनातक्रार उघडत होत्या. समाधानाने घरी गेलो.

६ जून, शुक्रवार

सचिव आप्पा २१ ते ३१ मे या अकरा दिवसांची छापलेली बिलं घेऊन आले होते. म्हणाले, "तुमच्या नव्यावर हीच काढून दाखवा, आकडा जुळला की मग बोलू." शहाणा माणूस.

जुळला नाही. प्रत्येक सभासदाची रक्कम कमी. गायीची कमी, म्हशीची कमी. कुठेही एक्सेप्शन नाही, कुठेही इशारा नाही. नोंदी तेवढ्याच, लिटर बरोबर, फॅट बरोबर, आणि पैसे कमी.

दोन तास दरपत्रकात शोधत बसलो. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) हा पाया धरून दर वरखाली होतो, म्हशीला ६ आणि ९. वाटलं, तक्ता वाचतानाच काहीतरी चुकतंय. शेवटी एकच नोंद पडद्यावर पूर्ण छापली. डिग्री ०.०. एसएनएफ डिग्रीवरून निघतो. डिग्री शून्य म्हणजे एसएनएफ तळाला, आणि दर तक्त्याच्या सगळ्यांत खालच्या ओळीला.

आप्पांना सांगितलं की चूक माझ्या बदलात आहे, जुना प्रोग्राम बरोबर आहे, १० तारखेचं बिल जुन्यावरच काढा. ते "बरं" म्हणाले आणि बिलांचा गठ्ठा माझ्याकडेच ठेवून गेले. पहाटे पाचला उठून धार काढून तीन किलोमीटर किटली आणणाऱ्या माणसाचे पैसे या गठ्ठ्यात आहेत. एक्सेप्शन आलं असतं तर बिल निघालंच नसतं, आणि ते परवडलं असतं. चुकीचं बिल मुकाट्याने निघणं परवडत नाही.

७ जून, शनिवार

फाइल हेक्समध्ये (प्रत्येक बाइट सोळाच्या पायातल्या दोन अंकांत) उघडून बाइट-बाइट वाचली. दिवस त्यातच गेला, पण आता चित्र स्वच्छ आहे. इथे सविस्तर लिहून ठेवतो.

सुरुवातीला एसी ईडी ०० ०५. जावाच्या प्रत्येक सीरियलाइज्ड फाइलची ओळख ही. मग ७३, म्हणजे ऑब्जेक्ट येतोय. मग ७२, म्हणजे क्लासचं वर्णन: नाव, आठ बाइटांचा यूआयडी, एक फ्लॅग, फील्डांची संख्या, आणि प्रत्येक फील्डचा प्रकार व नाव अक्षरशः लिहिलेलं. गायनोंदच्या वर्णनात डिग्री, दर, फॅट, लिटर ही चार नावं डोळ्यांनी दिसतात. ७८ ला ते वर्णन संपतं. लगेच पुन्हा ७२ आणि दूधनोंदचं वर्णन, तिच्या तीन फील्डांसकट. त्यानंतर ७०, म्हणजे याच्यावर काही नाही. केंद्रनोंद सीरियलायझेबल नसल्यामुळे तिचा उल्लेखच नाही.

वर्णन असं सबक्लासकडून पॅरेंटकडे जातं. त्यानंतर येणारी माहिती मात्र उलट क्रमाने: आधी दूधनोंदची, मग गायनोंदची.

म्हणजे फाइलीत एक सपाट ऑब्जेक्ट नाहीच. ती उतरंड आहे. आजीच्या घरी एकावर एक मडकी रचलेली असायची, कशात डाळ, कशात तांदूळ, तशी. सगळ्यांत खाली पॅरेंटचं मडकं, वर सबक्लासचं. प्रत्येक मडक्यावर क्लासचं नाव, आणि वाचताना प्रत्येक क्लास फक्त आपल्या नावाचं मडकं उघडतो. मी डिग्री वरच्या मडक्यातून खालच्यात हलवली ती कोडमध्ये. अकरा वर्षांच्या फाइलींत ती अजून वरच्याच मडक्यात आहे. वाचताना दूधनोंद आपल्या मडक्यात डिग्री शोधते, तिथे नाही, म्हणून मुळचं शून्य राहतं. गायनोंदच्या मडक्यात डिग्री सापडते, पण त्या क्लासमध्ये आता ते फील्ड नाही, म्हणून ती वाचून टाकून दिली जाते. जावाच्या नियमात फील्ड वाढवणं हा चालणारा बदल आहे, फील्ड काढणं न चालणारा; पण यूआयडी जुळला की वाचताना दोन्हींवर एक्सेप्शन येत नाही. फील्ड पॅरेंटकडे हलवणं हे जावाला या दोन बदलांची बेरीज म्हणूनच दिसतं. एकाच नावाचं फील्ड वरून गेलं आणि खाली आलं, याचा संबंध ते जोडत नाही.

मेच्या एका फाइलीत २८ डिग्रीची नोंद शोधली. ४० ३सी आणि पुढे सहा शून्य बाइट. डबल या अपूर्णांकी प्रकारात २८ असंच लिहितात. माहिती शाबूत आहे, ती फक्त वाचली जात नाही.

हे दिसल्यावर आधी बरं वाटलं आणि मग भीती. आपल्या प्रोग्राममध्ये "दुरुस्ती" बटण आहे: जुनी पाळी उघडा, एक आकडा बदला, सेव्ह करा. सेव्ह करताना सगळी यादी नव्याने लिहिली जाते. नव्या क्लासने एकदा सेव्ह केलं की त्या पाळीतल्या सगळ्यांची डिग्री कायमची शून्य. सगळ्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती फक्त वाचता येईल अशी केली. हे सोमवारीच करायला हवं होतं.

चाचण्या हिरव्या का होत्या, तेही कळलं. त्या नव्या क्लासने लिहून नव्याच क्लासने वाचत होत्या. जुनी फाइल एकाही चाचणीत नव्हती. आता प्रत्येक वर्षातल्या दोन पाळ्यांच्या फाइली चाचणीच्या फोल्डरमध्ये ठेवल्या.

आणि म्हैसनोंदचं गुरुवारचं एक्सेप्शन. जावा तेव्हा हेच सांगत होतं, की क्लासचा आकार बदलला आहे, जपून. यूआयडी लिहून मी ती हाक बंद केली. यूआयडी तोच ठेवणं म्हणजे "हा बदल जुन्या फाइलींना चालतो, मी पाहिलं आहे" असं लिहून देणं आहे. मी पाहिलेलं नव्हतं.

९ जून, सोमवार

दुसरा एक जुना प्रश्न याच उतरंडीतून सुटला. उपकेंद्राच्या फाइली पेन ड्राइव्हवर मुख्य केंद्रात येतात आणि इथे उघडल्या की केंद्र क्रमांक मुख्य केंद्राचा दिसतो. वहीत चार वर्षांपूर्वीची तक्रार आहे, तिच्यापुढे "मशीनचा दोष" असं लिहिलंय.

दोष मशीनचा नाही. प्रत्येक क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये एक ओळ छापायला लावली आणि फाइल वाचली. गायनोंदचा कन्स्ट्रक्टर चालला नाही. दूधनोंदचाही नाही. केंद्रनोंदचा चालला. नियम असा आहे: सीरियलायझेबल क्लासांचे कन्स्ट्रक्टर वाचताना चालतच नाहीत, फील्डसमोर लिहिलेल्या सुरुवातीच्या किमतीसुद्धा लागू होत नाहीत. पॅरेंटकडे जाताना जो पहिला सीरियलायझेबल नसलेला क्लास भेटतो, त्याचा बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर चालतो आणि त्याचा भाग त्यातून उभा राहतो. आपला तो कन्स्ट्रक्टर केंद्र क्रमांक त्या मशीनच्या सेटिंगमधून घेतो. म्हणून फाइल कुठलीही असो, क्रमांक ज्या मशीनवर उघडली तिचा.

सहकारी म्हणाली, "मग तो कन्स्ट्रक्टर काढून टाका, क्रमांक पॅरामीटरने द्या." करून पाहिलं. कंपाइल झालं, फाइल लिहिलीही गेली. वाचताना इनव्हॅलिडक्लासएक्सेप्शन, योग्य कन्स्ट्रक्टर नाही. लिहिताना चालतं आणि वाचताना अडतं, हे फार वाईट वेळी समजणारं आहे: फाइल तयार झालेली असते आणि मूळ ऑब्जेक्ट केव्हाच गेलेलं असतं.

ठरवलं: केंद्रनोंदला सीरियलायझेबल करायचं, म्हणजे नव्या फाइलींत तिचंही मडकं असेल. जुन्या फाइलींत ते नसेल, आणि आता तिचा कन्स्ट्रक्टरही चालणार नाही, क्रमांक शून्य येईल. याच जागेसाठी जावात रीडऑब्जेक्टनोडेटा नावाची मेथड आहे: स्ट्रीममध्ये या क्लासचा थरच नसेल तर ती बोलावली जाते. तिच्यात क्रमांक उणे एक ठेवला, म्हणजे "माहीत नाही". फाइल ज्या फोल्डरमधून आली त्यावरून नंतर खरा क्रमांक भरतो. चालतंय.

१० जून, मंगळवार

बिलाचा दिवस. जुना प्रोग्राम, जुने क्लास. वटपौर्णिमा असल्यामुळे सकाळची पाळी लवकर आटोपली. कोडला हात लावला नाही.

११ जून, बुधवार

डिग्री पुन्हा सबक्लासमध्ये नेऊन जैसे थे करावं का, यावर बोलणं झालं. तसं केलं तर सगळं मिटतं, हे खरं. पण नवं यंत्र जोडताना गाय आणि म्हैस दोन्हीकडे तेच कोड पुन्हा लिहावं लागेल. आणि मुख्य म्हणजे ही उतरंड कशी हलवायची हे आत्ता शिकलो नाही तर पुढचा कोणीतरी माझ्यासारखाच हलवेल. पुढे जायचं ठरलं.

१३ जून, शुक्रवार

तीन प्रयत्न.

आधी वाटलं, दूधनोंदच्या रीडऑब्जेक्टमध्ये काही करता येईल, म्हणजे एकाच जागी काम. येत नाही. पॅरेंटला सबक्लासचं मडकं उघडता येत नाही. रीडऑब्जेक्ट ही मेथड प्रायव्हेट असते, ओव्हरराइड होत नाही (सबक्लासला ती बदलून लिहिता येत नाही), आणि प्रत्येक क्लासची त्याच्याच थरापुरती चालते. म्हणून उपाय दोन्ही सबक्लासमध्ये, दोनदा.

पहिला प्रयत्न: गायनोंदच्या रीडऑब्जेक्टमध्ये रीडफील्ड्स बोलावून डिग्री नावाने मागितली. नव्या फाइलीवर इलीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन. ते नाव ना स्ट्रीममधल्या थरात आहे, ना आजच्या क्लासमध्ये.

दुसरा: सीरियलपर्सिस्टंटफील्ड्स ही यादी दिली. ती प्रायव्हेट, स्टॅटिक आणि फायनल असावी लागते, नाहीतर जावा तिच्याकडे पाहतही नाही. त्या यादीत डिग्री लिहिली, म्हणजे क्लासमध्ये फील्ड नसलं तरी फाइलीच्या दृष्टीने या थरात डिग्री आहे. लिहिताना नेहमीचं डिफॉल्टराइटऑब्जेक्ट ठेवलं होतं. पुन्हा एक्सेप्शन: जाहीर केलेल्या फील्डला जुळणारं खरं फील्ड नाही.

तिसरा, जो चालला: वाचताना रीडफील्ड्स, लिहिताना पुटफील्ड्स. पॅरेंटचा थर नेहमी आधी वाचला जातो, त्यामुळे गायनोंदची पाळी येते तेव्हा दूधनोंदची डिग्री भरलेली तरी असते किंवा शून्य तरी. शून्य असेल तर आपल्या थरातली उचलून पॅरेंटमध्ये ठेवायची. लिहिताना दोन्ही थरांत लिहायची, कारण उपकेंद्रावर अजून महिनाभर जुना प्रोग्राम राहणार आहे आणि त्यालाही नवी फाइल वाचता आली पाहिजे. प्रत्येक नोंदीला डिग्रीचे आठ बाइट जास्त. चालेल.

एक गोष्ट जवळजवळ सुटली होती. ही यादी दिली की तीच प्रमाण. मी फक्त डिग्री लिहिली आणि लिटर, फॅट, दर लिहायचे राहिले. जुन्या फाइलींच्या चाचणीने लगेच पकडलं, लिटर शून्य. शनिवारी त्या फाइली फोल्डरमध्ये ठेवल्या त्याचा पहिला उपयोग.

१६ जून, सोमवार

आता पहारा. डिग्री शून्य असलेली नोंद पुन्हा कधीही मुकाट्याने आत येता कामा नये. तपासणी दूधनोंदच्या रीडऑब्जेक्टमध्ये टाकली: डिग्री शून्य तर इनव्हॅलिडऑब्जेक्टएक्सेप्शन. सगळ्या जुन्या फाइली अडल्या. साहजिक आहे. पॅरेंटचं रीडऑब्जेक्ट चालतं तेव्हा सबक्लासचा थर अजून वाचलेलाच नसतो, आपली भरपाई त्यानंतर होते.

याच्याशी नातं असलेली दुसरी जुनी गोष्टही तिथेच सापडली. दूधनोंदच्या रीडऑब्जेक्टमध्ये आधीच्या माणसाने दरतपासा ही मेथड बोलावली आहे, आणि ती दोन्ही सबक्लासमध्ये ओव्हरराइड केलेली आहे. म्हणजे सबक्लासचं कोड चालतंय आणि त्याची स्वतःची फील्ड शून्य आहेत. कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होणारी मेथड बोलावू नये हे सगळ्यांना पाठ असतं. रीडऑब्जेक्टही एका अर्थी कन्स्ट्रक्टरच आहे, हे मात्र लक्षात येत नाही. ती ओळ काढली.

पहाऱ्यासाठी योग्य जागा सापडली: ऑब्जेक्टइनपुटव्हॅलिडेशन. दूधनोंदच्या रीडऑब्जेक्टमध्ये रजिस्टरव्हॅलिडेशन बोलावून ठेवायचं. प्रत्यक्ष तपासणी ऑब्जेक्टांचं सगळं जाळं वाचून झाल्यावर चालते. तेव्हा सगळी मडकी उघडलेली असतात. एकाच जागी लिहिली, गाय आणि म्हैस दोघांनाही लागू. हा वारशाचा खरा फायदा.

१८ जून, बुधवार

आठ हजारांवर फाइली जुन्या आणि नव्या प्रोग्रामने वाचून प्रत्येक नोंदीची रक्कम ताडून पाहिली. रात्रभर चाललं. २०१६ च्या एका संध्याकाळच्या पाळीची फाइल दोघांकडूनही उघडत नाही, मध्येच तुटलेली आहे; त्या दिवसाची वही मागवली आहे. बाकी पैशाचाही फरक नाही.

२० जून, शुक्रवार

पेन ड्राइव्हवरून येणाऱ्या फाइलींना गाळणी लावली. बाहेरून आलेला स्ट्रीम आंधळेपणाने वाचणं किती महाग पडतं हे २०१५ साली अपाची कॉमन्स कलेक्शन्स या जावा लायब्ररीच्या प्रकरणात सगळ्या जावा जगाने पाहिलं. वाचणाऱ्याने नुसतं रीडऑब्जेक्ट म्हटलं की फाइल बनवणाऱ्याला हवं ते कोड चालू शकत होतं. जावा ९ पासून स्ट्रीमला फिल्टर लावता येतो: आपले क्लास आणि जावाचे मूळ क्लास आत, बाकी सगळे बाहेर. त्यात केवळ गायनोंद आणि म्हैसनोंद लिहून भागत नाही, वर्णनात येणारे पॅरेंटही लिहावे लागतात.

पुढच्या टप्प्याबद्दल माझं मत ठाम झालंय, ते आप्पांना आणि संचालकांना लिहून देणार आहे. लोकांच्या पैशाचा हिशेब क्लासच्या आकारावर अवलंबून ठेवू नये. नोंदी साध्या तक्त्यात जाव्यात, कोणत्याही प्रोग्रामला वाचता येतील अशा. कोडमध्ये मी जावा १६ पासून आलेले रेकॉर्ड (फक्त माहिती धरणारे क्लास) वापरीन. रेकॉर्डला दुसऱ्या क्लासचा वारसा घेता येत नाही, त्यामुळे लिटर, फॅट, डिग्री पुन्हा दोनदा लिहावे लागतील. पण रेकॉर्ड स्ट्रीममधून वाचतानासुद्धा आपल्या मुख्य कन्स्ट्रक्टरमधूनच जातो. तिथली तपासणी कोणी चुकवू शकत नाही. तेवढ्यासाठी चार ओळी दोनदा लिहायला माझी हरकत नाही.

२१ जून, शनिवार

११ ते २० जूनचं बिल नव्या प्रोग्रामवर काढलं, शेजारी जुन्यावरही काढलं. आप्पांनी चष्मा लावून वीस-पंचवीस सभासदांची रक्कम स्वतः जुळवली, बोट ठेवून, एकेक. मग मेच्या बिलांचा गठ्ठा माझ्या टेबलावरून उचलून कपाटात ठेवला.

तुटलेल्या फाइलीची २०१६ ची वही मिळाली. सोमवारी त्या पाळीच्या नोंदी हाताने भरायच्या.